श्रीमती दमयंती काशिराम मॉरिशसकर

मंगळवार, सतरा मार्च, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. विवाह अधिकाऱ्यांच्या कार्यालयात खिडकी क्रमांक दोनवर, पनवेलच्या विनायक टिपणीस यांच्या होणाऱ्या पत्नीला आधीचा एक नवरा असल्याचं उघडकीला आलं. नवऱ्याचं नाव काशिराम.

त्या वेळी विनायकरावांच्या हातात हारांची पिशवी होती, अंगात नवा सदरा होता आणि पाठीमागे तीन साक्षीदार उभे होते. उलव्याहून आलेली मुलगी रेवा, वरच्या मजल्यावरच्या वसुंधराकाकू आणि समोरच्या फ्लॅटमधला शैलेश. कायद्याला तीनच साक्षीदार लागतात. ते नेमके कशाचे साक्षीदार होणार आहेत, हे मात्र कायदा आधी सांगत नाही.

"श्रीमती दमयंती काशिराम मॉरिशसकर," खिडकीतल्या मिताली मॅडमनी वाचलं. "विधवा की घटस्फोटित?"

"अविवाहित," विनायकराव म्हणाले.

"मग हे काशिराम कोण?"

"ते... ते आडनाव आहे."

"आडनाव मॉरिशसकर लिहिलंय तुम्ही." मिताली मॅडमचा आवाज अजिबात चढलेला नव्हता, आणि विनायकरावांना त्याचीच जास्त भीती वाटली. "सर, मी काही म्हणत नाही, कॉलम म्हणतोय. मधल्या कॉलमात वडिलांचं किंवा पतीचं नाव. जन्मदाखल्यावर वडील विठ्ठल. म्हणजे काशिराम वडील नव्हेत. मग उरलं कोण?"

या तर्कात खोट काढता येईना. विनायकरावांनी मागे वळून पाहिलं. त्यांची वधू, वय सत्तावन्न, मोरपंखी साडी नेसून बाकावर शांत बसली होती. एक क्षण, फक्त एकच क्षण, विनायकरावांना स्वतःलाच वाटून गेलं, खरंच कोण हा काशिराम?

चूक कुणाची, हे इथेच नोंदवलेलं बरं. चूक विनायकरावांची होती. रसायनीच्या एका कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं पिंपांवरची लेबलं तपासण्याची नोकरी केली. त्या काळात एकही पिंप चुकीच्या नावाने फाटकाबाहेर गेलं नाही, असं ते सांगत आणि ते खरं होतं. ऑनलाइन अर्ज भरताना मात्र त्यांच्यासमोर तीन चौकटी आल्या. नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, आडनाव. तिन्हींवर लाल चांदणी. बाईंच्या पासपोर्टवर दोनच शब्द, दमयंती आणि काशिराम. काशिराम नावाचं आडनाव विनायकरावांनी साठ वर्षांत पाहिलं नव्हतं. काशिराम हा माणूस असतो, आणि माणसाची जागा मधल्या चौकटीत. त्यांनी त्याला तिथे बसवलं. आता तिसरी चौकट मोकळी राहिली आणि अर्ज पुढे सरकेना.

"मॉरिशसकर टाका," शेजारी बसलेला शैलेश म्हणाला होता. "पनवेलकर असतं, उरणकर असतं. मॉरिशसकर का नाही?"

मग नावाआधीचं संबोधन. यादीत तीन पर्याय होते. सौभाग्यवती लिहिणं खोटं ठरलं असतं. कुमारी लिहायला विनायकरावांचा हात धजेना, कारण बाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी आदराने श्रीमती निवडलं. खालच्या रकान्यात प्रामाणिकपणे 'अविवाहित' लिहिलं. अशा रीतीने एका सज्जन माणसाच्या आदरातून आणि प्रामाणिकपणातून एक विधवा जन्माला आली, जिने आपलं वैधव्य सरकारपासून लपवलं होतं. या अर्जाची नोटीस कार्यालयाच्या फलकावर तीस दिवस लागलेली होती. आक्षेप एकही आला नाही, कारण ती कुणी वाचली नाही.

"दुरुस्ती करा ना मॅडम," रेवा म्हणाली.

"दुरुस्ती म्हणजे नवी नोटीस. नवी नोटीस म्हणजे नवे तीस दिवस."

बाईंचा व्हिसा शुक्रवारी, सत्तावीस मार्चला संपत होता. हातात दहा दिवस.

"नाहीतर हे काशिराम कोण, हयात आहेत की मयत, याचा पुरावा आणा. साहेब बघतील." मिताली मॅडमनी फाइल बंद केली. मग थोड्या मऊ आवाजात म्हणाल्या, "अर्जाच्या खाली छापलेलं वाचलंत ना, सर? खोटी माहिती दिली तर?"

विनायकरावांनी ते वाचलं होतं. त्यांना ते पाठ होतं.

लग्नाची ही गरज कुठून उपटली, असं सोसायटीत सगळ्यांनीच विचारलं होतं. विनायकराव विधुर. दोन वर्षांपूर्वी मॉरिशसच्या सहलीत त्यांची दमयंतीबाईंशी ओळख झाली. बाईंचे पूर्वज कोकणातून जहाजाने त्या बेटावर उसाच्या मळ्यात गेलेले, आणि बाई तिथल्या शाळेत मराठी शिकवत. रोज संध्याकाळी फोन व्हायचा. गेल्या जूनमध्ये चार दिवस फोन लागला नाही. पाचव्या दिवशी विनायकरावांनी तिथल्या इस्पितळाचा नंबर शोधून काढला, तेव्हा पलीकडून एकच प्रश्न आला. तुमचं पेशंटशी नातं काय? विनायकरावांना उत्तर सापडेना. त्यांनी फोन ठेवला आणि बाई आहेत की गेल्या, हे कळायला आणखी चार दिवस लागले. त्या चार दिवसांत त्यांनी ठरवलं की या प्रश्नाला उत्तर असलं पाहिजे. बाकी काही बदलायचं नव्हतं. बाईंची एकोणनव्वद वर्षांची आई तिकडे, त्यामुळे बाई परत जाणार. विनायकराव कळंबोलीच्या पलीकडे गेले की गॅस बंद केला का याची काळजी करणारे, त्यामुळे ते इथेच राहणार.

"म्हणजे लग्न झाल्यावर ती तिकडे आणि तुम्ही इकडे?" वसुंधराकाकूंनी विचारलं होतं. "आणि आत्ता कसे आहात?"

"आत्ताही तसेच."

"मग हार कशाला विकत घेताय?"

शैलेशचा मुद्दा वेगळा होता. "काका, व्हिसावर पर्यटन लिहिलंय. लग्न हे पर्यटनात बसतं का?" त्या दिवसापासून विनायकरावांनी धास्तीपोटी बाईंना कर्नाळा किल्ला दोनदा, बल्लाळेश्वर तीनदा आणि नेऱ्याकडची शेतं एकदा दाखवली. प्रत्येक ठिकाणी तारखेसह फोटो काढले. उद्या कुणी विचारलंच तर पर्यटन सिद्ध करता यावं म्हणून. बाईंचा मुक्काम काकूंकडे होता, तोही आपण होऊन पोलिसांना कळवला होता. एकदा कळवणं पुरेसं होतं. विनायकराव तीनदा कळवून आले आणि तिसऱ्या वेळी तिथल्या हवालदाराने त्यांच्याकडे पहिल्यांदाच संशयाने पाहिलं.

मंगळवारी दुपारी हार काकूंच्या फ्रीजमध्ये गेले. विनायकराव सोफ्यावर बसून बाईंना म्हणाले, "तुम्हाला विमानतळावर अडवतील. काळ्या यादीत नाव घालतील. आईकडे पोचूच देणार नाहीत."

"विनायकराव, आपण भयभीत होऊ नये," दमयंतीबाई म्हणाल्या. त्यांची मराठी पाठ्यपुस्तकातून आलेली होती आणि तिच्यात एकही शब्द वाकडा नव्हता. "काशिराम हे माझे खापरपणजोबा. त्यांचे निधन झालेले आहे. तसा कागद आमच्या बेटावर निश्चित मिळेल. मी पुतण्याला कळवते."

पुतण्याचं नाव इंद्रजीत. तो तिकडच्या जुन्या दप्तराच्या कचेरीत गेला. इथपर्यंत सगळं शहाणपणाचं होतं.

बुधवारी सकाळी शैलेश आला. तो कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रक पाठवण्याच्या कामावर, त्यामुळे त्याची रायगड जिल्ह्यात सगळीकडे ओळख.

"काका, घाबरू नका," तो म्हणाला. विनायकराव लगेच घाबरले. शैलेशच्या या वाक्यानंतर आजवर काही चांगलं झालं नव्हतं. "सरकारला काय पाहिजे? काशिराम. उरणला माझ्या ओळखीचा काशिराम आहे. कोळी आहे, होडीवाला, एकदम सज्जन. 'दमयंती माझी बायको नाही' असं लिहून देईल. विषय संपला."

"नको, नको. अजिबात नको," विनायकराव म्हणाले.

"बरं," असं म्हणून शैलेश गेला.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. विनायकराव नको म्हणाले ते खरोखरच नको होतं. पण आपल्याकडे चहा पुढे केला तरी माणूस आधी नकोच म्हणतो, आणि दुसऱ्यांदा न विचारता कप हातात देणाऱ्याला आपण प्रेमळ म्हणतो. शैलेश प्रेमळ होता.

गुरुवारी पाडवा, कार्यालय बंद. शुक्रवारी इंद्रजीतकडून कागद आला. काशिराम, पुरुष, वय बावीस, अमुक जहाजाने आगमन. मृत्यू अठराशे एक्याण्णव, कारण ताप. विनायकरावांनी तो कागद चार वेळा वाचला आणि एका परक्या माणसाच्या मृत्यूने इतका आनंद झाल्याबद्दल मनातल्या मनात त्याची माफी मागितली. शनिवारी पनवेलमध्येच त्याचं अधिकृत भाषांतर करून घेतलं.

सोमवारी साडेअकरा वाजता ते खिडकी क्रमांक दोनवर हजर झाले.

मिताली मॅडमनी कागद वाचला. बोटांवर काहीतरी मोजलं. "मृत्यू अठराशे एक्याण्णव. वधूचा जन्म एकोणीसशे अडुसष्ट. म्हणजे नवरा वारल्यानंतर सत्याहत्तर वर्षांनी बायको जन्मली?"

"तेच तर सांगतोय! तो नवरा असूच शकत नाही!"

"हे तुम्ही म्हणताय. कागदावर फक्त तो मेल्याचं आहे. नवरा नव्हता असं कुठे आहे?" तरी त्यांनी शिक्का मारला. शिक्क्याचा आवाज ऐकून विनायकरावांना आठवड्यातला पहिला पूर्ण श्वास घेता आला. तो सोडण्याआधीच मॅडम म्हणाल्या, "पण सर, मग हे दुसरे काशिराम कोण?"

"कुठले दुसरे?"

मॅडमनी फाइल त्यांच्याकडे फिरवली. सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी आवक झालेलं प्रतिज्ञापत्र. 'मी, काशिराम हिरू कोळी, राहणार तालुका उरण, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की, दमयंती काशिराम ही माझी पत्नी नाही व कधीही नव्हती.' खाली अंगठ्याएवढी ठसठशीत सही, तारीख शनिवारची. बाजूला ओळख पटवणाऱ्याचं नाव शैलेश.

एकाच फाइलमध्ये आता काशिराम अठराशे एक्याण्णव साली तापाने वारला होता आणि गेल्या शनिवारी उरणला हयात होता.

"मला वाटलं तुम्ही खूश व्हाल," संध्याकाळी शैलेश म्हणाला. "काका, तुम्ही रागावलात का? घाबरू नका."

मंगळवारी दुपारी चार वाजता बेल वाजली. दारात एक उंच, दणकट बाई उभी होती. केसांत आबोलीचा गजरा आणि डोळ्यांत आग. तिच्या मागे, तिच्या खांद्याआड मावेल इतका अंग चोरून एक माणूस.

"टिपनीस तुमीच काय?"

"हो. आपण?"

"मी दमयंती. ह्या काशिरामची बायको. बत्तीस वर्सं. आनि तुमच्या कागदावर लिवलंय, मी याची बायको नाय, कदीच नवती! मंग बत्तीस वर्सं याचा डबा कोन भरतंय?"

मागचा माणूस हळूच म्हणाला, "मी सांगलं ना गो, ती दमयंती येगली."

"तू गप ऱ्हा! एक सही मारताना तुजा हात नाय कापला? समदा कोलीवारा इचारतंय, दमयंतीला सोडली काय!"

विनायकराव स्वयंपाकघरात गेले. त्यांनी पाणी आणलं आणि ते स्वतःच प्यायले. तेवढ्यात आवाज ऐकून वरून काकू आणि त्यांच्या मागे दमयंतीबाई खाली आल्या.

"नमस्कार," बाई म्हणाल्या. "मी दमयंती काशिराम."

काशिरामने एकीकडून दुसरीकडे पाहिलं.

"मीबी," उरणची दमयंती म्हणाली.

मग बाईंनी तिला शेजारी बसवून सगळं समजावलं. बेट, जहाज, उसाचे मळे, खापरपणजोबा. ते सगळं इतक्या शुद्ध मराठीत की उरणच्या दमयंतीने मध्येच काकूंना विचारलं, "ह्या पोथी वाचतान का?" पण गोष्ट तिला समजली. पाच वाजेपर्यंत ती निवळली होती. सव्वापाचला दोघी एकमेकींना आपापल्या समुद्रातल्या माशांची नावं सांगत होत्या. काशिराम एका खुर्चीच्या कडेवर बसून होता. विनायकरावांनी त्याच्याकडे पाहिलं. तोही घाबरलेला होता. आठवडाभरात त्यांना पहिल्यांदाच कुणीतरी आपलं वाटलं.

"पन माजा कागद मना परत पायजे," निघताना उरणची दमयंती म्हणाली. "उद्या हापिसात येतंय मी."

बुधवारी सकाळी मिताली मॅडमनी दोघा कोळी नवराबायकोला आणि विनायकरावांना शांतपणे समजावलं की आवक झालेला कागद परत देता येत नाही. पहिला कागद चुकीचा असेल तर त्याविरुद्ध दुसरा देता येतो. शैलेश कामावर होता, म्हणून विनायकरावांना जरा धीर होता. पण दुसरा कागद त्यांच्या डोळ्यांसमोर, त्यांना काही सुचायच्या आत तयार झाला. 'मी, काशिराम हिरू कोळी, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की, दमयंती काशिराम ही माझी पत्नी आहे.' उरणच्या दमयंतीने तो दोनदा वाचून घेतला, नवऱ्याकडून सही करून घेतली आणि समाधानाने पदर खोचला.

"आता बरोबर," ती म्हणाली.

तिच्या बाजूने ते बरोबरच होतं. विनायकरावांच्या फाइलमध्ये मात्र आता त्यांची वधू कुमारिका होती, विधवा होती, काशिरामची बायको नव्हती आणि काशिरामची बायको होती. त्यांना पिंपं आठवली. एकाच पिंपावर अशी चार लेबलं सापडली असती तर त्यांनी सगळा कारखाना बंद करायला लावला असता.

"आता हे माझ्या हातात नाही," मिताली मॅडम म्हणाल्या. "साहेबांनी सगळ्यांना बोलावलंय. उद्या रामनवमीची सुट्टी. परवा, शुक्रवारी साडेअकरा."

"परवा त्यांचा व्हिसा संपतो. संध्याकाळी सात पन्नासचं विमान आहे."

"मग वेळेवर या," मॅडम म्हणाल्या आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी नजर चुकवली.

रामनवमीच्या दिवशी रेवा येऊन गेली. "बाबा, नाही झालं तर नाही झालं. पुढच्या वर्षी पुन्हा करू," ती म्हणाली. पुढच्या वर्षी बाईंची आई नव्वदची. इतके दिवस बाईंचा भाऊ आईजवळ राहिला, पुन्हा राहील याची खात्री नाही. शिवाय नवऱ्याची माहिती लपवल्याचा शेरा एकदा बसला, तर पुढचा व्हिसा कोण देणार? हे सगळं ते रेवाला सांगू शकले असते. पण सांगितलं की खरं होतं, अशी त्यांना भीती होती. संध्याकाळी दमयंतीबाईंनी बॅग भरली. विनायकरावांनी तिचं कुलूप सहा वेळा ओढून पाहिलं.

शुक्रवारी सकाळी अकरा वाजून सदतीस मिनिटांनी साहेबांनी सगळ्यांना आत घेतलं. साहेब पन्नाशीचे, चष्मेवाले, आवाज खालचा. त्यांनी फाइल पहिल्या पानापासून वाचली. वाचताना एकदा चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि तेच पान पुन्हा वाचलं.

"यातले काशिराम कोण?"

उरणच्या काशिरामने हात वर केला. बायकोने तो खाली ओढला.

"साहेब, मला अनुमती असेल तर सांगते," दमयंतीबाई म्हणाल्या. "आमच्या बेटावर उतरणाऱ्या माणसांची नावे एक गोरा कारकून लिहून घेत असे. खापरपणजोबांनी काशिराम असे सांगितले. वडिलांचे आणि गावाचे नाव सांगण्याआधीच त्याने पुढच्या माणसाला हाक मारली. मागे मोठी रांग होती. तेव्हापासून आम्ही सर्व काशिराम. माझे वडील विठ्ठल काशिराम. पुतण्या इंद्रजीत काशिराम. ते आमचे सगळ्यांचे आडनाव आहे."

साहेबांनी मान वर करून बाईंकडे पाहिलं. विनायकरावांना त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं आणि त्यांचं मन एकदम हलकं झालं. साहेबांना पटलं होतं! साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, काशिरामवर आडवी रेघ मारण्यासाठी पेन कागदावर टेकवलं आणि तिथेच थांबले.

"हे खोडलं तर मधली चौकट मोकळी राहते," ते म्हणाले. "वडिलांचं नाव घातलं तर आडनाव बदलावं लागतं. आडनाव बदललं तर फलकावर महिनाभर लागलेली नोटीस भलत्याच बाईची होते. उद्या कुणी विचारलं तर..." त्यांनी पेनाचं टोपण परत लावलं. "वरिष्ठांना विचारलेलं बरं."

साहेबही घाबरले आहेत, हे लक्षात आलं आणि विनायकरावांचा उरलासुरला धीर गेला.

सगळ्यांना बाहेर बसवण्यात आलं. बाकावर डावीकडून काकू, रेवा, दमयंतीबाई, विनायकराव, उरणची दमयंती आणि काशिराम. शैलेशला उभं राहायला सांगण्यात आलं होतं. फ्रीजमधले हार रेवाच्या मांडीवर होते, त्यांच्या कडा काळ्या पडू लागल्या होत्या. खाली टॅक्सीवाला दोनदा विचारून गेला होता. तीनला निघालं नाही तर विमान चुकेल आणि विमान चुकलं तर आज रात्री बारानंतर बाईंचं या देशात असणंच बेकायदेशीर.

"आपले हात गार पडले आहेत," दमयंतीबाई म्हणाल्या.

"पंख्यामुळे," विनायकराव म्हणाले. पंखा बंद होता.

बाईंनी त्यांचा हात आपल्या हातात घेतला. सरकारी कार्यालयात असं चालतं का, हे विनायकरावांना ठाऊक नव्हतं. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, पण हात काढून घेतला नाही.

एक वाजून पाच मिनिटांनी आतून साहेबांचा फोनवरचा आवाज ऐकू आला. दार पूर्ण लागत नव्हतं.

"नाही सर, मयत म्हणता येणार नाही... हयातही नाही, सर. तसं हयात एक आहेत, पण ते हे नव्हेत... सर, काशिराम हा माणूसच नाही. आडनाव आहे, सर... आडनाव. हो, सर. धरतो."

आता एक वाजून एकोणीस मिनिटं झाली आहेत. साहेबांनी फोन धरून ठेवला आहे आणि पलीकडून अजून काही सांगण्यात आलेलं नाही.